नमुना न काढलेली चादर

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. खून नाही, दरोडा नाही, मुद्देमाल म्हणाल तर पोतंभर कापलेले पुठ्ठे. पण मोठमोठ्या तपासांत आली नाही अशी झिंग मला त्या पुठ्ठ्यांनी आणली, आणि ती उतरवलीही त्यांनीच.

आधी कबुली देतो. मला थ्रिलरचं वेड आहे. पुस्तकं, सिनेमे, मोबाईलवरच्या मालिका, काही सोडत नाही. त्यांत एक ठरलेला प्रकार असतो. कोणीतरी गर्वाने फुगलेला असतो, आणि एक अज्ञात माणूस स्वतःच न्यायाधीश होऊन त्याला शिक्षा देतो, वर चिठ्ठीही ठेवतो. मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. अशी एखादी चिठ्ठी आपल्या हद्दीतही सापडावी, असं मला मनातून वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सापडली. सकाळची हजेरी चालू असताना चादरीच्या एका कारखानदाराचा फोन आला. चादरीवरची नक्षी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठरते. असे शेकडो पुठ्ठे ओळीने ओवून मागावर चढवतात. मोराच्या नव्या नक्षीचा अख्खा संच सुट्टीच्या दिवशी कोणीतरी कात्रीने कापला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ती चादर बघायला येणार होतं. ढिगावर चिठ्ठी होती : ‘गर्व झाला होता. शिक्षा दिली.’

पंचनामा हवालदाराकडे न देता मी स्वतः लिहिला, आणि तोही आनंदाने.

गर्व कोणाला झाला होता, हे विचारावं लागलं नाही. नक्षी डिझाइन मास्तरांची होती. वय साठीचं, कपडे कडक इस्त्रीचे, कारखान्यात मालकापेक्षा त्यांचा दरारा जास्त. समोरच्या चहावाल्याने मला खबर दिली. नवे पुठ्ठे आले की आधी हातभर नमुना विणून बघायचा, ही विणकरांची रीत. आठवड्यापूर्वी एका जुन्या विणकराने ती आठवण करून दिली, तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या पुठ्ठ्यांना नमुना लागत नाही. शब्दाला शब्द वाढला आणि त्या विणकराला काम सोडावं लागलं.

अपमान झालेला माणूस, गर्विष्ठ मास्तर आणि चिठ्ठी. माझ्या डोक्यातली गोष्ट तयार झाली. कारखान्याच्या गेटवर कॅमेरा होता. त्यात सुट्टीच्या दिवशी एकटे मास्तर आत जाताना दिसत होते. ते दर सुट्टीला मागांना उदबत्ती लावायला येतात, असं कळलं आणि मी ते सोडून दिलं. मागची भिंत कमरेएवढी होती, चोर तिकडूनच आला असणार. वरिष्ठांनाही सांगून टाकलं, आरोपी सापडल्यात जमा आहे.

विणकराला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, सडपातळ, घरी तेलुगू बोलणारा माणूस. त्याला चिंचोळी एमआयडीसीत नवं काम लागलं होतं, त्याच दिवशी रुजू व्हायचं होतं. दुपारपर्यंत मी त्याला तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. अरे-तुरे केलं, टेबलावर हात आपटला. तो एकच सांगत राहिला, पुठ्ठा कापायला विणकराचा हात धजत नाही. दुपारी त्याचा फोन वाजला. नवा मालक होता. पोलिसांचं निस्तरल्याशिवाय येऊ नका, म्हणाला. त्याने फोन खिशात ठेवला. मग त्याने ते तुकडे बघायला मागितले.

मी पोतं ओतलं. त्याने पुठ्ठे नंबराप्रमाणे फरशीवर मांडायला सुरुवात केली. तासाभरात खोली भरली, मांडताना तो छिद्रांवरून बोट फिरवत होता. मध्येच थांबला.

“साहेब, ह्ये पुठ्ठे मशीनवर चढल्यात की. कडंची भोकं बगा, तेल लागलंय.”

मास्तरांच्या जबाबात तर पुठ्ठे मागावर एकदाही चढले नव्हते. मी जबाबाचा कागद काढून पुन्हा वाचला. पुढच्या रांगेशी तो पुन्हा वाकला.

“आन हितं चूक हाय. मोराची मान तुटून बाजूला पडती.”

सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्यात एकटे मास्तरच दिसले होते, हे आठवलं आणि मी तसाच जीप काढून कारखान्यात गेलो. मास्तरांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं, सुट्टीच्या दिवशी नमुना कोणी विणला? ते खुर्चीवर बसले. मग त्यांनीच कपाट उघडून हातभर कापड माझ्या हातात दिलं. त्यावर मान तुटलेला मोर होता. जाळायला गेले होते, पण हात धजला नाही म्हणे.

“लोकांनी गर्विष्ठ म्हटलेलं मला चालतंय, साहेब. मास्तर चुकला म्हटलेलं न्हाय चालत.”

म्हणून चूक गिऱ्हाईकासमोर दिसण्याआधी त्यांनी पुठ्ठेच कापले आणि स्वतःला शिक्षा देणारा एक माणूस बनवला होता. चिठ्ठी त्यांचीच. आणि त्या माणसाच्या जागी निरपराध विणकर अडकला, तेव्हा ते गप्प राहिले. याचा मला आजही राग येतो.

पण राग मास्तरांवर काढून मी सुटत नव्हतो. विणकराचं काम माझ्यामुळे अडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्दीत त्याला घेऊन चिंचोळीला गेलो. नव्या मालकाला माग थांबवायला सांगितले. खडखडाट थांबल्यावर सगळे कामगार माझ्याकडे बघू लागले. “या माणसाचा काही दोष नाही. चूक माझी झाली,” एवढंच बोलायचं होतं. मी टोपी काढली, पुन्हा घातली. चुकलो म्हणण्यापेक्षा पुठ्ठे कापणं मास्तरांना का सोपं वाटलं, ते तिथे उभं राहून मला कळलं. थ्रिलरमध्ये गर्वाची शिक्षा द्यायला बाहेरून कोणीतरी येतो. मला ती माझ्या तोंडाने घ्यावी लागली.

बोललो एकदाचा. मालकाने मान हलवली आणि माग पुन्हा सुरू झाले. विणकर मला गेटपर्यंत सोडायला आला.

“साहेब, तुमी बी नमुना काढत जावा की,” तो म्हणाला, आणि कामावर गेला.

थ्रिलर मी अजून बघतो. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणाचंही नाव आरोपी म्हणून लिहिण्याआधी माझा पेन थांबायचा. आधी हातभर विणून बघायचो.