बटणाच्या मागे मागे

परवापासून माझ्या डोक्यातून आमच्या ऑफिसातल्या मेधाताईंचं बोट जातच नाहीये. आम्ही दवाखान्यांसाठी ॲप बनवतो. पेशंट 'नंबर लावा' बटण दाबत होते आणि डॉक्टरांच्या यादीत नाव काही येत नव्हतं. स्क्रीन बनवणारा निखिल म्हणाला, "माझ्याकडून गेलंय." सर्व्हर बघणारी फरीदा म्हणाली, "माझ्याकडे आलंच नाही." दोघंही खरं बोलत होते.

मेधाताईंनी कागदावर बटण काढलं, त्यावर बोट ठेवलं. "इथून कुठे जातं?" बोट पुढे, परत तोच प्रश्न. एका जागी दोघंही म्हणाले, "हे माझं नाही." तो मधला तुकडा कुणाचाच नव्हता आणि नावं तिथेच अडकून बसलेली.

ताई आधी टेस्टिंगमध्ये होत्या, मग मोबाइल, मग सर्व्हर. "तुम्ही नक्की कशातल्या?" असं सगळे चिडवतात. मला तर त्याच दिवशी आमच्या सरांना टेस्टिंग, मोबाइल की सर्व्हर, यातलं एकच काम निवडून सांगायचं होतं, आणि आवडतं सगळंच, म्हणून आठवडाभर ठरतच नव्हतं.

"ताई, एवढं सगळं येतं कसं?"

"येत नाही रे. कळेपर्यंत विचारत बसते."

आपण सगळे आपापला तुकडा जपतो, आणि माणसं मात्र त्या तुकड्यांच्या मधून चालत असतात. तिथे कुणीतरी लागतंच ना?

संध्याकाळी सर म्हणाले, "काय ठरलं?"

"सर, मला अजून थोडी वर्षं विचारत बसायचंय."

"मग मेधाच्या शेजारी बस."

मी खुर्ची ढकलत नेलीसुद्धा.