दोरी ओढावी

वसंत मगदूम गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, सांगलीत राहत्या घरी वारले. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी फोनवर शेवटचा मजकूर लिहिला होता. इंटरनेटवरच्या एका विनोदी पानावर आलेल्या फोटोखालची ती सहा शब्दांची प्रतिक्रिया होती : ‘मालकांना ऐकू येत नाही. दोरी ओढावी.’ नंतर त्यांच्या मुलीने तो फोन माझ्याकडे दिला. गेली काही वर्षे ते हेच सहा शब्द लिहीत होते. पाने वेगवेगळी होती. फोटो एकच होता.

मगदूम सांगलीच्या एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातला हा धाकटा मुलगा. ऊस थोरल्या भावाने पाहिला आणि हे मुद्रितशोधक म्हणून वर्तमानपत्रात आले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, टेबल शेजारचे. सगळे कार्यालय त्यांना अण्णा म्हणे. सूर्य मावळायच्या आत ते जेवत. पान अर्धवट असो, मंत्री गावात असो, साडेपाचला डबा उघडायचा. कुणी कुरकुरले तर म्हणत, “बातमी थांबती गड्या. दिवस थांबत न्हाई.”

त्यांच्याकडे शेवटच्या पानावरचे ‘ऐकावे ते नवलच’ हे सदर होते. सदर सुरू झाले तेव्हा इंटरनेट नुकते कार्यालयात आले होते आणि त्यावरचे गमतीचे, अजब असे काही शोधून रोज अर्धा कॉलम द्यायचा, एवढेच काम. इतरांनी ते दहा मिनिटांत उरकले असते. अण्णांना दोन तास लागत. त्यांची सवय अशी होती की गमतीची गोष्ट सापडली की आधी ती जिथली आहे तिथे फोन लावायचा. परदेशातली असेल तर पत्ता शोधून शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीत मेल लिहायचा. उत्तर आले तर छापायचे. नाही आले तर एका निळ्या फाईलमध्ये ठेवायचे. फाईलवर लिहिले होते, ‘अजून खरे नाही’.

एकदा एसटीच्या टपावर उभ्या असलेल्या शेळीचा फोटो आला. गाडी पाटणची असल्याचे पाटीवरून दिसत होते. अण्णांनी पाटणच्या बसस्थानकावर फोन लावला. नियंत्रकाने दहा मिनिटे चौकशी करून सांगितले, की शेळी होती हे खरे, पण टपावर नव्हती, मागच्या शिडीवर होती. फोटो काढणाऱ्याने खालून काढल्यामुळे ती टपावर दिसते. दुसऱ्या दिवशी सदराचा मथळा होता, ‘शिडीवरची शेळी’. संपादक म्हणाले, “अण्णा, टपावरची जास्त चालली असती.” अण्णा म्हणाले, “चालली असती, पण चढली नव्हती.”

दोन तोंडांच्या सापाचा फोटो त्यांनी भिंग लावून पाहिला आणि परत केला. दोन्ही डोक्यांवरचा खवला एकाच जागी तुटलेला होता, म्हणजे एकच डोके दोनदा जोडले होते. भोपळा कोरून त्यात बसून नदी पार करणारा माणूस मात्र खरा निघाला. त्याच्या गावच्या ग्रंथपालाने मेलला उत्तर दिले होते. त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. त्यांचे एक वाक्य कार्यालयात नव्याने आलेल्या प्रत्येकाने ऐकले आहे : “हसायचं तर खऱ्याला हसा. खोट्याला हसलं की आपलंच हसं.”

त्यांनी फोन न करता छापलेला फोटो माझ्या माहितीत एकच आहे.

तो एका पत्र्याच्या पाटीचा होता. वर ‘हाक मारू नये’, त्याखाली ‘मालक ऐकत नाहीत’. खाली तिसरी ओळ होती, पण तिच्यापुढे सायकल उभी होती आणि हँडलमागून ‘दो’ आणि ‘वी’ एवढीच अक्षरे दिसत होती. गावाचे नाव कुठेच नव्हते. त्या दिवशी शेवटच्या पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि सदराची उंची निम्मी झाली. अण्णांनी फोटो खालून कापला. दोन ओळी राहिल्या. मी शेजारून पाहिले आणि हसलो. ‘निदान खरे बोलतात’ हा मथळा मी सुचवला. तो त्यांनी घेतला. साडेपाच झाले होते. त्यांनी डबा उघडला.

फोटो गाजला. लोकांनी कात्रणाचे फोटो काढले आणि ते फोनवरून फिरू लागले. आठवडाभरात कुणीतरी त्याखाली गावाचे नावही घातले : म्हसवड. पंधरवड्याने कार्यालयात फोन आला. अण्णांनी उचलला. बाईंचा आवाज एवढा खणखणीत होता की मलाही ऐकू येत होता.

“पेपरवालं न्हवं? त्ये पाटीचं चित्र तुमीच छापलंय?”

अण्णांनी होय म्हटले.

“आमच्या मालकास्नी ऐकाय येत न्हाई. तुमी छापलंय, ऐकत न्हाईत. ह्यात काय फरक हाय का न्हाई, त्ये तुमी शिकलेल्या माणसांनी सांगावं. आन् खालची वळ कुटं गेली?”

बाई पुढे म्हणाल्या, “रोज गाड्या थांबत्यात. पाठीमागनं वरडत्यात आन् फोटू काढत्यात. मालकास्नी कळतबी न्हाई कोन वरडलं. कळतंय मला.”

“मी येतो,” अण्णा म्हणाले. पत्ता घेऊन त्यांनी फोन ठेवला. नंतर छापलेला फोटो आणि मूळ फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून मी बरोबर गेलो. आटपाडी, दिघंची करत दुपारी म्हसवडला पोचलो. दुकान गावाबाहेरच्या रस्त्याला होते. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून देणारे धोंडिराम काळेल हे त्याचे मालक, आणि फोन करणाऱ्या हौसाबाई त्यांच्या पत्नी. काळेल सैन्यात तोफखान्यात होते. निवृत्तीनंतर ऐकू येणे कमी होत गेले आणि मग थांबले.

दुकानासमोर मोटारसायकलवर दोन तरुण होते. एकजण “ओ मालक, ऐका की जरा” म्हणून ओरडत होता, दुसरा फोन धरून उभा होता. आत काळेल पाठ करून तारा गुंडाळत होते. अण्णा त्या दोघांजवळ गेले.

“गड्यांनो, दोरी ओढा की. तिसरी वळ वाचली न्हाई व्हय?”

“कुठली तिसरी ओळ?” फोनवाला म्हणाला. “फोटोत नाही.”

पाटी त्याच्या डोक्यावर होती. तीन ओळींची. ‘हाक मारू नये. मालक ऐकत नाहीत. दोरी ओढावी.’ अण्णांनी बोट वर केले. त्याने वाचले, मित्राकडे पाहिले आणि गाडी सुरू केली.

अण्णांनी दोरी ओढली. आत काळेलांच्या डोळ्यांसमोर टांगलेले लाल फडके हलले. त्यांनी वळून पाहिले आणि हात पुसत बाहेर आले.

“कुटनं आलासा?” त्यांनी मोठ्याने विचारले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते सगळेच मोठ्याने बोलत.

अण्णांनी येताना गाडीत एक कागद लिहून ठेवला होता. तो पुढे केला. त्यावर त्यांचे नाव होते, वर्तमानपत्राचे नाव होते आणि खाली एक वाक्य : ‘फोटो मी कापला.’

काळेलांनी तो दोनदा वाचला. “कशापायी?”

अण्णांनी खिशातले पेन काढून त्याच कागदावर लिहिले, ‘जागा नव्हती.’

काळेलांनी पाटीकडे पाहिले. मग म्हणाले, “पेंटरबी ह्येच म्हनला. ‘ऐकू येत नाही’ पत्र्यावर बसत न्हाई, म्हनून ‘ऐकत’ केलं त्येनं. मी म्हनलं असूं द्या, खाली दोरीचं लिवलंय, त्येवढ्यावर मानूस समजून घील.”

हौसाबाईंनी चहा आणला. काळेलांनी आम्हाला एक चालू मोटार दाखवली. तिच्यावर तळवा ठेवून म्हणाले, “आवाज ऐकून दुरुस्त करनारं लय हायेत. मला हाताला कळतं ती काय म्हनती त्ये.” उठताना त्यांनी विचारले, “त्ये चित्र आता माघारी घेता येतंय का?”

अण्णांनी कागदावर लिहिले, ‘नाही.’ मग त्याखाली लिहिले, ‘पण मी बघतो.’

परत आल्यावर त्यांनी संपादकांकडे दुरुस्ती मागितली. संपादकांची ना नव्हती. दुसऱ्या पानावर तळाशी दुरुस्तीची चौकट असते, तिथे द्यायला ते तयार होते. अण्णांना ती सदरातच हवी होती, मूळ फोटोसह आणि सायकलमागे झाकलेली तिसरी ओळ खाली पूर्ण लिहून.

“अण्णा, विनोदाच्या जागेवर दुरुस्ती? लोक तिलाही हसतील.”

“हसू द्या. तिन्ही वळी वाचून हसू द्या.”

“दुसऱ्या पानावर दिली तरी दुरुस्तीच ना ती?”

“चोरी वाड्यात आन् पंचनामा शिवारात, असं व्हईल ते.”

हा वाद तीन आठवडे चालला. त्या तीन आठवड्यांत अण्णांनी सदराला एकही मजकूर दिला नाही. सदराच्या जागी शब्दकोडे जात होते. चौथ्या आठवड्यात संपादक स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले आणि “द्या काय द्यायचं ते” म्हणाले. सदरात पूर्ण फोटो आणि त्याखाली पाच ओळी छापल्या गेल्या. शेवटची ओळ होती, ‘फोटो सदर लिहिणाऱ्याने कापला होता.’ त्या दिवशी सदरात दुसरे काही नव्हते.

ते कात्रण कुणी पुढे पाठवले नाही. अण्णा रोज पाहत होते. दोन ओळींचा फोटो फिरत राहिला, तीन ओळींचा सांगलीच्या बाहेर गेला नाही. काळेलांनी महिन्याभरात मोठ्या पत्र्यावर नवी पाटी करून घेतली, त्यावर ‘ऐकू येत नाही’ नीट बसले. पण लोक जुनी पाटी शोधत येत आणि नवी पाहून, “ती गमतीची कुठे गेली?” असे हौसाबाईंना विचारत.

पुढे सदर बंद झाले. अशा गमती आता ज्याच्या त्याच्या फोनवर येत होत्या. अण्णा निवृत्त झाले. मुलीने त्यांना नवा फोन घेऊन दिला, तेव्हा त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवायला सांगितली : फोटोखाली लिहायचे कसे. सकाळी मंदिरातून आले की ते खुर्चीत बसून तो फोटो शोधत. तो सापडला की खालची कड आधी बघत. “मी कापलेली कड हाय, वळखती मला,” असे एकदा म्हणाले. मग सहा शब्द लिहीत. खाली उत्तरे येत. ‘आजोबा, जोक कळत नाही का?’ असे एकाने लिहिले होते. अण्णांनी कुणालाच उत्तर दिले नाही. मला म्हणाले, “जोक कळला रं. पाटीच कळली नव्हती.”

एवढ्याने काय होणार, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, “हजार हसत्यात. एकजण खाली वाचत असंल. त्यो म्हसवडला गेला तर दोरी वढंल.”

दरवर्षी सिद्धनाथाच्या यात्रेच्या सुमारास ते म्हसवडला जाऊन येत. दुकानात बसत. बोलणे कागदावर होई. शेवटच्या दोन वर्षांत गुडघ्यांमुळे जाणे झाले नाही. तेव्हा काळेलांनी फोनवर लिहायला शिकून घेतले आणि दोघांचे निरोप सुरू झाले. फोनमध्ये ते आहेत. बहुतेक पावसाचे आणि मोटारींचे आहेत. फोटोचा उल्लेख एकाच निरोपात आहे. काळेलांनी लिहिले आहे, ‘आता बास करा. माझे काही नाही.’ अण्णांचे उत्तर : ‘माझे आहे.’

अंत्यविधी झाल्यावर त्याच फोनवरून मी काळेलांना अण्णा गेल्याचा निरोप पाठवला. तो वाचल्याची खूण आली. उत्तर आले नाही.

गेल्या महिन्यात तो फोटो पुन्हा एका पानावर दिसला. खालची कड तीच होती. हसणाऱ्या प्रतिक्रिया बऱ्याच होत्या. त्यांच्यामध्ये एक सहा शब्दांची होती : ‘मालकांना ऐकू येत नाही. दोरी ओढावी.’ वर नाव होते, धोंडिराम काळेल. मी म्हसवडला फोन लावला. हौसाबाईंनी उचलला. ती प्रतिक्रिया त्यांच्या मालकांनीच लिहिली आहे, असे त्यांनी सांगितले.