दाराच्या चौकटीवरचा हमझा

जमालचाचांची बेसबॉलची टीम दरवर्षी शेवटून पहिली येते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. मूळचा दाभोळचा, इथे आखातात गाला भागातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटर सांभाळणारा पन्नाशीचा माणूस अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नादी का लागलाय, ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच कळायचं नाही. आधी ते सलालाहला पोर्टवर होते, तिथल्या एका अमेरिकन साहेबाने त्यांना ऑनलाइन लीगमध्ये घुसवलं. खेळ सोपा आहे. खरे खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचे, ते तिकडे मैदानात जसे खेळतील तसे इकडे आपल्याला पॉइंट. आणि ही कीपर लीग, म्हणजे आवडलेला खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतो. सगळे मोठमोठी नावं ठेवतात. चाचा मायनर लीगमधली पोरं उचलायचे, जी अजून वर आलेलीच नाहीत, खालच्या टीममध्ये धूळ खातायत. पॉइंट शून्य. बाकीचे चॅटवर त्यांच्या टीमला बालवाडी म्हणायचे, पोरांनी डब्यात काय आणलंय म्हणून विचारायचे. चाचा एक हसरा इमोजी टाकायचे, खलास.

मला हे माहीत कारण त्यांचा लॅपटॉप अडकला की बोलावणं मला. मी ताबिश, वरच्या मजल्यावरचा, त्यांच्या हमझाच्या वर्गातला. हमझा दोन हजार सातच्या गोनू वादळात गेला. इथल्या कुरुम भागात वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या पात्राला, एकदम पूर आला, गाडी वाहून गेली, चाचा एका खांबाला अडकले म्हणून वाचले. हमझा सापडलाच नाही. आम्ही तेव्हा पाचवीत होतो.

तर चाचांच्या टीममध्ये बाकी पोरं यायची जायची, पण एक कायम. डॉमिनिकन रिपब्लिकचा एस्तेबान, डावखुरा, सोळा वर्षांचा होता तेव्हापासून ठेवलेला. त्याने किती रन काढले ते चाचा बघायचेच नाहीत. त्याचं पान उघडायचे, वरची ओळ वाचायचे, उंची, वजन, जन्मतारीख, आणि बंद. एकदा माझं लक्ष त्या तारखेकडे गेलं. हमझाची तारीख. वर्षसुद्धा तेच. मला वाटलं, चला, असतं माणसाचं काहीतरी.

मग गेल्या रमजानमध्ये इफ्तारीचं ताट द्यायला खाली गेलो आणि हमझाच्या खोलीची चौकट बघितली. पेन्सिलीच्या रेघा, शेजारी साल. लहान असतानाच्या रेघा माझ्या छातीपर्यंत येऊन थांबलेल्या. मग नुसतंच लाकूड. आणि त्याच्या वर पुन्हा रेघा. त्याच अक्षरात. दोन हजार बारा, तेरा, चौदा, पंधरा. एस्तेबान टीममध्ये आला त्या सालापासून. कुणी बघत नाहीये असं बघून मी चौकटीला पाठ लावली. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्या वर लागली. शाळेत मी त्याच्यापेक्षा उंच होतो.

मागे खतिजाचाची उभी होती. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "ईदचा कुर्ता शिवायला माप नको का?"

आत कपाट उघडं होतं. कुर्ते ओळीने टांगलेले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब, एकाचीही घडी मोडलेली नाही.

ह्या वर्षी, एका शुक्रवारी, नमाजनंतर चाचांचा फोन आला की पान उघडत नाहीये. मी गेलो. लॅपटॉपला काही झालेलं नव्हतं. एस्तेबानला त्याच्या क्लबने काढून टाकलं होतं, खेळाडूंमधून त्याचं नावच गेलं होतं आणि लीगने आपोआप चाचांच्या टीममधली ती जागा रिकामी केली होती. मी घाईघाईने सांगायला लागलो की चाचा, मायनर लीगमध्ये हजारो पोरं आहेत, मी डावखुराच शोधून देतो, त्याच वर्षीचा, दोन मिनिटं द्या.

"दुसरा घेऊन काय करू बेटा," चाचा म्हणाले. "तो दुसऱ्या कुणाचा तरी असणार."

तेव्हा मला टेबलावरची फूटपट्टी दिसली. पेन्सिल टोक काढून तयार. आज हमझाचा वाढदिवस, ते मला तेव्हा आठवलं. स्वयंपाकघरातून शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. चाची ऐकत होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, एखादा पार्ट गाडीला बसेल की नाही बघतात तसं.

"ताबिश, जरा इकडे ये."

मी गेलो. नाही म्हणायचं डोक्यातच आलं नाही. चौकटीला पाठ टेकवली, चप्पल काढली. चाचांनी पट्टी डोक्यावर ठेवली. गेल्या वर्षीची रेघ पट्टीच्या वर राहत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं मला.

मग ते माझ्या कानाशी वाकले, अगदी हळू म्हणाले, "टाचा उचल."

मी उचलल्या.

"अजून."

पेन्सिल माझ्या केसांवरून सरकली.

"वाढला का?" आतून चाचीने विचारलं.

"एक बोट," चाचा म्हणाले.

"मग लांबच कापते."

मशीन पुन्हा सुरू झालं. रेघ मारून झाली होती, चाचा साल लिहीत होते. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण टाचा खाली टेकवायची हिंमत होत नव्हती.