एका मताची नगरसेविका

गोडादऱ्याच्या वस्तीतल्या बायकांनी कलाबाईला निवडून आणलं ते पाण्यासाठी. नळातून गटारीचं पाणी येई, आणि घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणारी ही खान्देशी बाई त्यापायी कुणाशीही भांडे. एका नव्या पक्षानं तिला तिकीट दिलं. शेजारची रंजना तर तिच्यासाठी चपला झिजेपर्यंत हिंडली.

निकाल लागला. पालिकेत नव्या पक्षाचं बहुमत, पण एकाच मताचं. महापौर निवडेपर्यंत पक्षानं आपले सगळे नगरसेवक शहराबाहेर, डुमसकडच्या फार्महाऊसवर नेऊन ठेवले. मोबाईल काढून घेतले, फाटकाला कुलूप.

कपडे द्यायच्या निमित्तानं नवरा, सुकलाल, भेटायला आला. लूमच्या कारखान्यात तो आणि मुलगा ललित एकाच शेठकडे कामाला होते. शेठ आजवर पालिका चालवणाऱ्या जुन्या पक्षाचा.

"शेठ म्हणतो, तू त्याच्या पक्षाकडं गेली नाहीस तर आम्हा दोघांना घरी बसवेल."

"मग मी काय करू?"

"माले काय इचारस?" म्हणत त्यानं मान खाली घातली.

महापौर निवडीच्या दिवशी सभागृहात कलाबाईनं जुन्या पक्षासाठी हात वर केला आणि एका मतानं त्यांचा महापौर झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "गद्दार!" बाहेर तिच्या गळ्यात जुन्या पक्षाच्या रंगाचा, उपरण्यासारखा खेस पडला. गल्लीत कुणी शिवी दिली नाही. रंजनानं तिला येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं.

बक्षीस म्हणून वॉर्डात नवी पाइपलाइन मंजूर झाली. खड्डे खोदले गेले. तेवढ्यात जुन्या पक्षाचे दोघं नव्या पक्षाकडं गेले, सत्ता फिरली आणि काम बंद पडलं. कलाबाई नव्या पक्षाच्या, तिच्या पूर्वीच्या नेत्याकडं गेली.

"मला परत घ्या."

"बेन, तुमच्यावर आता भरवसा कोण ठेवणार?"

तिनं नगरसेवकपदाच्या राजीनाम्याचं नाव काढताच शेठ खेकसला, "आमची एक सीट गमवायची आहे का? गप बसून राहा. घरातली दोन माणसं माझ्याकडं आहेत, विसरू नको."

पुढच्या सभेत ती पाण्यावर बोलायला उभी राहिली. माईक बंद झाला. ती तशीच मोठ्यानं बोलत राहिली. समोरचे हसत होते, बाजूचे मोबाईलमध्ये होते. तिच्याच गटाच्या नेत्यानं पदर ओढला, "बैठ जाओ, बेन."

ती बसली. मुदत संपायला अजून बरीच वर्षं होती.