मूकपटाला लाभलेले दोन वाचक

माझं लग्न महिन्यावर आलं होतं आणि कामांच्या यादीत एकच काम अडलं होतं: आमंत्रणं. ती घरातल्या थोरल्याच्या, म्हणजे काकांच्या नावानं जायची. पण काका आणि वडील दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक पुढारी. देवळं सगळ्यांना उघडा म्हणणारा. वडिलांना तो देवासारखा, तर देवळात पोथी वाचणाऱ्या काकांना त्याचं नावही नको.

त्याच पुढाऱ्याच्या आयुष्यावरचा मूकपट रेवदंड्याला तंबूत आला. व्यवस्था माझ्याकडे होती. चटया, पाणी, बायकांची बाजू, सगळं झालं. आणि ऐनवेळी पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचणारा माणूस तापानं आडवा झाला. तंबूभर पोचेल असा आवाज गावात एकच. मी काकांकडे गेलो.

"मी? त्याचं चरित्र?"

"निम्म्या लोकांना वाचता येत नाही, काका."

ते आले. पण वाचायची सवय पोथीची! पाटी वाचायची, मग अर्थ सांगायचा. "'देव सर्वांचा आहे.' हे यांचं म्हणणं हो. शास्त्रात वेगळं आहे. आता ते कसं, तर..."

"आवो बुवा, चित्र गेलं पुढं!" एक कोळीण ओरडली. तंबू हसला.

तेवढ्यात मागून वडील उठले. "दादा, लिहिलंय तेवढंच वाचा!"

"मग तू ये इथे. पाटी तू वाच, अर्थ मी सांगतो."

वडील खरंच गेले. पुढचा सगळा चित्रपट एकानं वाचला, दुसऱ्यानं खोडून काढला. लोक खूश. शेवटी पुढारी तुरुंगात जातो आणि त्याची आई दारात उभी राहते, तिथे काका गप्पच.

"सांगा ना अर्थ," वडील म्हणाले.

"इथे सांगायला नको."

वाद घालतच दोघं आमच्या घरी आले. आईनं न विचारता दोन पानं वाढली.

"तरी तो माणूस मला पटत नाही," काका भात कालवत म्हणाले.

"नका पटवून घेऊ," वडील म्हणाले. "आमंत्रणं कधी लिहायची?"

"उद्या सकाळी. शाई दाट कर, मागच्या खेपेला फुटली होती."