झोपून तपासलेली गाडी

जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, पंखा बसवून त्याचं फिरतं घर करून देणारे एक मिस्त्री आमच्या कोल्हापुरात आहेत. बोलताना ते माणसाकडं बघतच नाहीत. पत्र्याकडं बघतात आणि बोटानं तो वाजवत राहतात. गाडी तयार झाली की ती जयसिंगपूरकडच्या एका उघड्या माळावर नेतात आणि भर दुपारी तिच्यात आडवे होतात. "इंजन कुनीबी तपासतंय की. मला झोप लागली, तर गाडी झाली."

आमच्या गाडीत त्यांना झोपच लागेना. एकदा पलंग कुरकुरला, एकदा खिडकी खडखडली. बायकोच्या रजेचे चारच दिवस उरले होते आणि कोकणात जायचं होतं. शेवटी मी चिडलो. "मिस्त्री, आम्हाला चालतंय तसंच."

"मला न्हाय चालत, पावणं," ते पत्र्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोनही उचलेनात. आम्ही दोघं तणतणत माळावर गेलो. एसटीतून जाताना या माळाकडं मी कधी मान वळवून बघितलं नव्हतं. गुडघाभर पिवळं गवत पार आभाळाला टेकलेलं. मधोमध आमची गाडी, दारं सताड उघडी, वारा आरपार, आणि आत मिस्त्री तोंड उघडं टाकून घोरत होते.

मी हाक मारणार, तेवढ्यात बायकोनं माझा हात धरला. चपला काढून ती गवतात बसली.

"कोकण राहू दे," ती हळूच म्हणाली. "इथंच मुक्काम करू. पण आधी त्यांची झोप होऊ दे."