दहा मीटरवरची पाल

"थांबाऽऽऽ! कुणीबी गोळी मारायची न्हाय! म्होरं जीव हाय, जीव!"

आमच्या आक्काचा आवाज जरा बरा आहे. म्हणजे तिनं गोठ्यातून हाक मारली, की हातकणंगले स्टेशनातून सुटलेली गाडी पुन्हा थांबते. (गार्डाला वाटतं, कुणीतरी राहिलं.) तोच आवाज कोल्हापुरातल्या बंदिस्त शूटिंग रेंजमध्ये घुमला, तेव्हा सहा नेमबाजांनी हातातली पिस्तुलं निखारे टाकावेत तशी झटकन खाली ठेवली.

माझ्या लेकीला नेमबाजी शिकवणारे सर धावतच आले. "कोण शिरलं आत? कुठाय माणूस?"

"माणूस कशाला पायजे? ती बघा की, तिसऱ्या कागदाच्या वर. पाल!"

आता ही सगळी चूक माझी. लेक, त्रिशला, दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव करत होती. राज्य स्पर्धेची निवड तोंडावर आली, तसं स्वतःचं पिस्तूल हवंच झालं. पुण्याहून एक विक्रेते तीन परदेशी एअर पिस्तुलं घेऊन एकाच दिवसासाठी आले होते. मारून बघा, आवडलं तर ठेवा. (किंमत अशी, की तेवढ्यात दारात दोन मुऱ्हा म्हशी उभ्या राहिल्या असत्या, आणि वर दूधही दिलं असतं.) पैशांची सोय झाली होती. पण आमचं घर जैनांचं, आणि घरात चालतं आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जी कांद्याला उंबरा ओलांडू देत नाही, ती पिस्तुलाला देईल?

म्हणून मी युक्ती केली होती. "आक्का, पिस्तूल न्हवंच ते. वाऱ्याचं यंत्र हाय. सायकलच्या पंपाचा चुलतभाऊ म्हण की!"

"मग पंपच घे की," आक्का म्हणाली. आणि गाळलेल्या पाण्याची बाटली काखेत मारून स्वतःच गाडीत जाऊन बसली. "माझ्या डोळ्यानं बघती. कागदाबिगर कुठल्या जिवाला धक्का लागला, तर ते घरात येणार न्हाय."

आणि त्रिशला तिसरं पिस्तूल उचलते न उचलते तोच ही पाल!

"जा, हाकल तिला," आक्कानं मला हुकूम सोडला. "हळू हाकल. शेपूट तुटाय नगं."

मी कागलच्या एमआयडीसीत तीस माणसांवर ओरडतो. पण पाल म्हटलं की माझ्या अंगाचं पाणी होतं. सरांनी सगळी पिस्तुलं रिकामी करून घेतली, दोनदा तपासली, आणि मी सकाळचा पेपर गुंडाळून निघालो. अंतर दहा मीटर. मला ते नृसिंहवाडीला अनवाणी गेल्यासारखं वाटलं. पेपर पुढं केला. पालीनं पेपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोघांत मऊ कोण ते ओळखून थेट माझ्या पोटावर उडी मारली!

पुढचं मला नीट आठवत नाही. त्रिशला म्हणते, मी लेझीम खेळलो. कागद फाटला, चौकट वाकली, आणि तिची तार माझ्या पट्ट्यात अडकून मी तिसऱ्या आणि चौथ्या लक्ष्याच्या मधोमध वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबकळत राहिलो. पाल खिडकीतून पसार.

"शेपटीसकट गेली," आक्का समाधानानं म्हणाली. "आता तू उतर."

मला वाटलं, संपलं. पिस्तूल गेलं, निवड गेली, पोरीची दोन वर्षं गेली. पण बघतो तर सर आक्कापुढं हात जोडून उभे!

"आक्का, बरोब्बर केलंसा. रेंजवर कायबी दिसलं, तर कुणीबी थांबा म्हणायचं, आन् सगळ्यांनी थांबायचं. आमी पोरांस्नी आधी थांबायला शिकवतो. मारायचं मागनं."

आक्कानं काखेतली बाटली खाली ठेवली. "म्हंजे तुमच्यातबी आधी जीवच बघत्यात?"

"व्हय की!"

मग तिनं खुर्ची पुढं ओढली. सरांनी नवा कागद लावला. पहिल्या पिस्तुलाची मूठ त्रिशलाला ढगळ झाली होती, दुसऱ्यानं मनगट खाली ओढलं होतं. तिसरं हातात गेलं आणि पोरगी एकदम गप्प झाली. (आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडलं!) दहा छर्रे मारले. दहाही मधल्या काळ्या गोलात.

"पप्पा, हेच. बाकीच्यांना मी धरते. हे मला धरतंय."

आक्कानं चष्मा काढून पुसला. मी संधी साधली. "मग आक्का, घेऊया?"

"पोरीचं पटलं मला. पण पोरगी कॉलेजात गेल्यावर हे तुझ्या हाताला लागायचं. तू काय करतोस ते बघू दे. मार."

जत्रेत फुगे फोडलेला माणूस मी! छाती काढून उभा राहिलो. सरांनी माझं कोपर धरलं, विक्रेत्यांनी देवाचं नाव घेतलं. पाच छर्रे मारले. एक भिंतीत गेला, एक चौकटीच्या लोखंडावर, एक शेजारच्या कागदाच्या अगदी मधोमध (तिथल्या नेमबाजानं माझे आभार मानले), आणि उरलेले दोन अजून सापडलेले नाहीत. माझा कागद दुकानातून आणला तसाच कोरा.

"मूठ त्यांच्या मापाची नव्हती हो," विक्रेते सभ्यपणे म्हणाले.

आता त्रिशला स्पर्धेला निघाली, की तिच्या हातावर दही-साखर आक्काच ठेवते. मी मागं उभा राहून मनातल्या मनात हात जोडतो. थांबायला शिकवणाऱ्या सरांना, सगळ्यांना थांबवणाऱ्या आक्काला, आणि त्या पालीलासुद्धा. पिस्तूल घरात आलं ते ह्या तिघांच्या पुण्याईनं. माझाही थोडा वाटा आहे, नाही असं नाही. कारण तो कोरा कागद हातात घेऊन सरांनी भीत भीत विचारलं होतं, "मग आक्का, पिस्तूल घरी न्यायला हरकत न्हाय न्हवं?"

आक्कानं कागद उजेडाला धरला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाली, "न्या की. ह्याच्या हातात गेलं तरी अहिंसाच हाय."